हातोडा न्यायला मे महिन्यात ये

चि. मुक्ता,


"आत्या, एस्टविंगचा हातोडा घेऊ की लोकल चालेल?" एवढाच तुझा मेसेज आणि खाली तीन लिंका. भूशास्त्राच्या एमएस्सीला तुला प्रवेश मिळाल्याचं तुझ्या बाबाने आधीच कळवलं होतं. पुढे पर्यावरणीय भूशास्त्राकडे वळायचा तुझा विचार आहे, हेही त्यानेच सांगितलं, जरा काळजीच्या सुरात. दोन वर्षांनी ही नेमकी काय करणार, हा त्याचा प्रश्न. मी त्याला म्हटलं, तिलाच सविस्तर लिहिते. मेसेजमध्ये मावणारं हे प्रकरण नाही.

तर पहिलं म्हणजे, हातोडा विकत घेऊ नकोस. माझा आहे. मुठीचं रबर अंगठ्याच्या जागी झिजलंय, बाकी ठणठणीत आहे. पण तो लगेच देणार नाही. का, ते शेवटी सांगते. सध्या दहा पट मोठं दाखवणारं भिंग घे, तीस मीटरचा टेप घे, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिली घे. फील्डवर पेन नको. पावसात शाई पसरते आणि महिनाभराची नोंद एका सरीत धुऊन जाते. माझी एक अख्खी वही अशी गेली आहे.

आता विषयाबद्दल. खडक कसा तयार झाला, केव्हा झाला, हे भूशास्त्र विचारतं. तू ज्या शाखेकडे चालली आहेस ती त्यापुढे एकच प्रश्न जोडते, त्या खडकावर कोण राहतंय? या एका प्रश्नाने सगळं अवघड होऊन बसतं. खडकाची वाट पाहायची तयारी असते. माणसाला पेरणीआधी उत्तर हवं असतं.

आमच्या वेळी हा विषय म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटी कोंबलेलं एक प्रकरण होतं. खड्गसिंह वल्दिया यांचं भारतीय संदर्भातलं पर्यावरणीय भूशास्त्राचं पुस्तक 1987 मध्ये आलं. आपल्या नद्या, आपले डोंगर, आपल्या दरडी पाठ्यपुस्तकात पाहून मला काय आनंद झाला होता! तुमच्याकडे आता उपग्रहाची चित्रं आहेत, जीआयएस आहे, ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग म्हणून बाहेर प्रत्यक्ष काम करायची सोय आहे. मजा आहे तुमची. पण एक धोकाही आहे. "आम्हाला पर्यावरणात काम करायचंय, ते खनिजशास्त्र कशाला?" असं म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. तू म्हणू नकोस. खडकाची चकती घासून घासून 0.03 मिलिमीटर जाडीची झाली की सूक्ष्मदर्शकाखाली काळाकुट्ट बेसॉल्ट काचेसारखा उघडतो. त्यात प्लेजिओक्लेजच्या पांढऱ्या-करड्या काड्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात, मधल्या जागेत ऑजाइटचे रंगीत दाणे. नीट बघ, त्या काड्यांच्या गर्दीत पाण्याला जायला वाटच नाही. म्हणजे आपल्या खडकात पाणी राहतं ते दाण्यांमध्ये नाही, भेगांत आणि कुजलेल्या भागात. महाराष्ट्राच्या पाणीटंचाईचं अर्धं कारण त्या चकतीत दिसतं. चकती न बघता थेट टंचाईवर बोलायला गेलीस तर भाषण होईल, भूशास्त्र होणार नाही.

आपल्या राज्याचा सुमारे 80 टक्के भाग या बेसॉल्टवर बसलाय. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर ओतत गेला. सह्याद्रीच्या कड्यावर ते थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. पण ते वाचायला सह्याद्री चढायलाच हवा असं नाही. मे महिन्यातली कोरडी विहीर पुरते. मी जे काही शिकले त्यातलं निम्मं विहिरीच्या भिंतींनी शिकवलंय.

कमरेला दोर बांधून, कडेच्या पायऱ्यांवरून हळूहळू खाली उतरायचं. वरची दोन-तीन हात काळी माती. मग मुरूम, बोटाने खरवडला तरी सुटणारा, पिवळट. त्याखाली मांजऱ्या. हा शब्द तुझ्या पुस्तकात नसेल, विहिरी खोदणाऱ्यांचा आहे. भोकाभोकांचा, भोकांत पांढरी खनिजं भरलेला, पहारीला लवकर दाद देणारा थर. मग कधी कधी गेरूसारखा तांबडा पट्टा, दोन लाव्हांच्या मधला, चिकणमातीसारखा. पाणी त्यातून सहसा खाली जात नाही, वरच अडतं. म्हणून त्या पट्ट्याच्या डोक्यावर भिंत ओलसर दिसते, तिथे शेवाळ असतं, एखादं पिंपळाचं रोप असतं. आणि तळाला काळा पाषाण, ज्याच्यापुढे खोदणाऱ्यांनी हात टेकले. गावातल्या म्हाताऱ्या खोदकऱ्याला विचार, कोणत्या थराला किती दिवस लागले, सुरुंग कुठे लावावा लागला, झरा कोणत्या अंगाने फुटला. तो सांगेल ते जसंच्या तसं त्याच्या शब्दांत लिही. इंग्रजी नाव नंतर बाजूला लिहिता येतं. आधीच इंग्रजीत लिहिलंस तर त्याने सांगितलेलं निम्मं गळून जातं.

मग एक हिशेब कर. भिजलेल्या, कुजलेल्या बेसॉल्टमधून निथळून मिळतं ते पाणी साधारण दोन टक्के. एक घनमीटर खडकातून वीस लिटर, दोन कळशा म्हण. नदीकाठच्या वाळूत तेच दीडशे लिटरच्या पुढे जातं. आता एका एकराखाली पाच मीटर जाडीचा भिजलेला थर आहे असं धर. पाणी किती? चार लाख लिटर, म्हणजे चाळीस मोठे टँकर. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्याच एकराला पाच सेंटिमीटर पाणी एकदा द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. दोन पाळ्या दिल्या की खालचं संपलं. आमच्या शिबिरात मी हा हिशेब फळ्यावर मांडायचे तेव्हा मागे बसलेले शेतकरी आपसात बोलायचं थांबायचे. हिवरे बाजार गावात पोपटराव पवारांनी हाच हिशेब लावला. पाऊस मोजला, गावाला किती पाणी मिळालं ते सगळ्यांसमोर मांडलं, त्यावर पिकं ठरवली, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हे पाळलं. मोजणं सोपं होतं. पाळणं कसं जमवलं, ते तू समाजशास्त्राच्या मैत्रिणींना घेऊन अभ्यास. एकट्या भूशास्त्राने ते समजणार नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते. बाबाला मी कधी सांगितलेली नाही.

1972 च्या दुष्काळानंतर बोअरचं युग आलं. त्याच सुमारास राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. हवेच्या दाबाने पाषाण फोडणारी यंत्रं गावोगावी फिरू लागली, हातपंप बसले. मिशनच्या लोकांनी घडवलेल्या सोलापूर पंपावरूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू झाला, हे तुला माहीत नसेल. त्या हातपंपांनी खरोखर जीव वाचवले. मी नोकरीला लागले तोवर मात्र बोअर म्हणजे पाणी हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

दुसऱ्याच वर्षी एका कोरडवाहू गावात जागा दाखवायला गेले. तिथल्या एका नवराबायकोने मी पोहोचायच्या आदल्या दिवशी पाणाडी बोलावला होता. पायाळू माणूस, तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरला, आणि बांधाजवळच्या बाभळीपाशी नारळ उभा राहिला म्हणे. मी मनात हसले. मग आम्ही चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, बॅटरी जोडली, जमिनीत वीज सोडून रोध मोजला. आकडा खाली आला. नेमका त्याच बाभळीपासून दहा पावलांवर. रोध कमी म्हणजे खाली ओल, असं आम्ही शिकलो होतो. पण चिकणमातीतूनही वीज सहज जाते. पाणी आहे की माती आहे, हे यंत्राला कळत नाही. ते कळायला दुसऱ्या दिशेने खुंट्या लावून पुन्हा मोजायचं असतं, शेजारच्या दोन विहिरींत उतरायचं असतं. ते मी केलं नाही. दिवस मावळत होता, जीपवाला घाई करत होता, आणि त्या बाईने तोवर तीनदा चहा विचारला होता. तिच्या तोंडाकडे बघून मला "नक्की सांगता येत नाही" असं म्हणवेना. मी चुन्याची खूण केली.

बोअरची गाडी आली तेव्हा मी हजर होते. पहिल्या तासाला तांबडी धूळ निघाली, पुढे राखाडी भुकटी. बाहेर पडणारी भुकटी ओली होण्याची सगळे वाट बघत होते. बाई मूठभर भुकटी घ्यायची, दाबायची, सोडायची. ती मुठीत धरेना. सव्वादोनशे फुटांवर त्यांचे पैसे संपले. त्यासाठी म्हैस विकली होती, हे मला त्या वेळी कळलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "ताई, नारळवाल्याचं चुकलं तर म्हणायचं देवाच्या मनात नव्हतं. तुमचं चुकलं तर काय म्हणायचं?"

मुक्ता, तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण मी माझ्यापुरतं ठरवलं, की ज्या विहिरीत उतरले नाही तिची खोली लिहायची नाही, आणि ज्याची खात्री नाही ते तोंडावर सांगायचं, चहा कितीही वेळा आला तरी. विद्यापीठात तुला उत्तरं द्यायला शिकवतील. "माहीत नाही" किंवा "इथे नाही" हे सांगायची पद्धतही शिकून घे. तिला मार्क नाहीत.

प्रयोगशाळेतही हेच. पाण्याचा नमुना म्हणजे बाटली भरून आणणं नव्हे. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, हवा न ठेवता काठोकाठ भरायची, सामू आणि विद्युतवाहकता तिथेच मोजायची, चिठ्ठी तिथेच लावायची. फ्लोराइडसाठी काचेची बाटली नको, प्लास्टिकचीच हवी. हे बारकावे कंटाळवाणे वाटतील. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत गेलीस की वाटणार नाहीत. तिथे मुलं हसताना तोंडावर हात धरतात. दातांवर तपकिरी पट्टे असतात, आणि मोठ्या माणसांची कंबर वाकलेली. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं मानक सांगतं. उघड्या विहिरीचं पाणी गढूळ, जंतूंचं, म्हणून लोकांना खोल हातपंप दिले. खोलवर पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहतं आणि त्यातलं फ्लोराइड उचलतं. हगवण थांबवणाऱ्या उपायाने काही ठिकाणी हाडं धरली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर पूर्णेच्या गाळात पाणी भरपूर आहे आणि ते खारट आहे. पाणी आहे का, एवढंच विचारून भागत नाही, कसलं आहे, हेही विचारावं लागतं.

दरडींबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल मला सविस्तर लिहवत नाही. 30 जुलै 2014 ला सकाळी माळीणला गेलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसलं नाही. 151 माणसं गेली. 2021 मध्ये तळिये. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. धो धो पाऊस हे तर कारण आहेच, पण तो सगळ्याच उतारांवर पडतो. कुठे कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर निसरड्या पाषाणावर बसलाय, कुठे उताराचा पायथा कापला आहे, पाण्याची वाट कुठे बुजली आहे, हे बघायला माणूस जावा लागतो. याद्या कार्यालयात होतात, भेगा डोंगरावर पडतात. जोत्याला तडा, झाडं एका अंगाला कललेली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, ही लक्षणं वाडीतल्या म्हातारीला आधी दिसतात. ती कुणाला सांगणार आणि ऐकणारा काय करणार, हे ठरवणं मी तुझ्या विषयाचाच भाग मानते. नुसते लाल-पिवळे नकाशे रंगवून उठू नकोस.

आणि आपल्याला किती कमी कळतं, हे कधी विसरायला झालं तर कोयनेला जाऊन ये. 1962 मध्ये जलाशयात पाणी साठायला लागलं, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. साठवलेल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध जगभर अभ्यासला जातो, त्यात आपलं हे खोरं अग्रभागी आहे. अजून धक्के बसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी तिथल्या गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. वरचा सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट. इतकी वर्षं मोजमाप करूनही पुढचा धक्का कधी, हे कुणी सांगत नाही, आणि सांगत नाहीत म्हणूनच त्या शास्त्रज्ञांवर माझा विश्वास आहे. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तो भाग तर तोवर स्थिर म्हणून गणला जायचा.

आता बाबाच्या प्रश्नाचं उत्तर. नोकऱ्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (जीएसआय) आणि केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आहे, राज्याची यंत्रणा आहे, संस्था आहेत. हिमांशू कुलकर्णींनी पुण्यात सुरू केलेल्या ॲक्वाडॅमसारख्या संस्थेत लोकांबरोबर बसून भूजल कसं मांडायचं ते शिकायला मिळतं. आणि सल्लागार कंपन्या आहेत, खाणी, कारखाने, रस्ते यांचे पर्यावरण आघात अहवाल लिहिणाऱ्या. पैसे तिथे बरे मिळतात. वाईट काम आहे असं मी म्हणणार नाही. पण एकदा एका अहवालात भूजलाचं प्रकरण वाचताना मला एक ओळखीचा तक्ता दिसला. दुसऱ्याच तालुक्यातल्या विहिरींचे आकडे, गावांची नावं तेवढी बदललेली. ते लिहिणारा मुलगा हुशार होता. त्याला आठ दिवसांची मुदत होती आणि गाडी दिलेली नव्हती. तुझ्यावर अशी वेळ येईल. तेव्हा नोकरी सोड असा शहाणपणा मी शिकवणार नाही, घर कसं चालतं मला माहीत आहे. एवढंच कर, की न मोजलेल्या आकड्यापुढे "मोजलेला नाही" असं लिही. खोडायचं असेल तर साहेबांना स्वतःच्या हाताने खोडू दे.

जनसुनावणीत त्या अहवालाचा मराठी सारांश लोकांपुढे येतो. तो अनेकदा असा असतो की लिहिणाऱ्यालाही कळू नये. तुझं मराठी चांगलं आहे, शाळेत निबंधाचं बक्षीस घ्यायचीस. ते वाया घालवू नकोस. "भूजल पातळीवर नगण्य प्रभाव अपेक्षित" असं लिहिण्याऐवजी "खाण पाण्याच्या पातळीखाली गेली तर वरच्या आळीतल्या विहिरी फेब्रुवारीत आटतील" असं लिहिता आलं, आणि ते खरं असलं, तर तुझ्या एमएस्सीचे पैसे वसूल झाले असं समजेन.

आणि हो, मजाही कर. वाघोलीच्या खाणीत सापडणारं कॅव्हन्साइट संग्रहालयात नक्की बघ, मोरपंखी निळं. लोणारच्या काठावर सकाळी उभी राहा. फील्डवर जेवणाचा डबा कायम जास्तीचा ने, कुणीतरी विसरलेलं असतंच.

आता हातोड्याचं. तो तुला त्या बाभळीपाशी देणार आहे. बाभूळ आता नाही, पण बोअर आहे, तोंडावर सपाट दगड ठेवलेला. त्या बाई अजून तिथेच राहतात. शेजारच्या शेतात जुनी विहीर आहे, त्या दिवशी मी जिच्यात उतरले नव्हते ती. नंतर कितीतरी वर्षांनी उतरले. बारा हातांवर तांबडा पट्टा आहे, चांगला कमरेएवढा जाड. माझा आकडा खाली आला तो त्याच्यामुळे. भिंतीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

मे महिन्यात परीक्षा संपली की ये. सकाळी लवकर निघू, उन्हाच्या आत. टेप तू धरायचास, वहीत तू लिहायचंस, मी वर काठावर बसेन. चहा त्या बाई देतीलच, आणि त्या काही विचारतील. काय उत्तर द्यायचं, ते तुझं तू ठरव.

तुझी,
आत्या